बिनसावलीचा उजेड

अजूनही कुणी ना कुणी मला ऐकवतं, "तुम्ही फोटो इतके चांगले काढायलाच नको होते." आमच्याच घरात बसून, आमचाच चहा पिऊन ऐकवतात. पूर्वी मी भांडायचे. आता वय झालं, भांडत नाही, पण मस्तकात तिडीक जाते ती जातेच. चांगलं काम केलं तो मूर्ख आणि ते ज्यानं चोरलं तो हुशार, असा सगळ्यांचा न्याय. मला तो तेव्हा पटला नाही, आताही पटत नाही.

गोष्ट सत्तरच्या पुढची. आम्ही चिंचवडला रेल्वे फाटकाजवळ दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे एका मोठ्या कंपनीत टूलरूममध्ये कामाला होते. गाड्यांचे पत्रे ज्या साच्यांत दाबून काढतात ते साचे, म्हणजे डाय, तिथे तयार व्हायचे. कायमची नोकरी, कंपनीची बस, कॅन्टीन, दिवाळीला बोनस. आमचा जावई कंपनीत आहे हे सांगताना माझ्या वडिलांचा आवाज आपोआप चढायचा.

वडील साताऱ्याला फोटोग्राफर होते. आई लवकर गेल्यामुळे माझं बालपण त्यांच्या स्टुडिओत गेलं. इतर मुली भातुकली खेळत तेव्हा मी लाल दिव्याखाली ट्रे हलवत बसायचे. लग्नात त्यांनी मला भांड्याकुंड्यांबरोबर आपला जुना, दोन भिंगांचा कॅमेरा दिला. सासूबाईंना तो कुठे ठेवावा कळेना, म्हणून त्यांनी तो देवाच्या फळीखाली ठेवला आणि पहिल्या दिवशी त्यालाही हळदकुंकू लावलं. ते काढायला मला नंतर मऊ ब्रश घेऊन बसावं लागलं.

आमची मुलगी एकदा तापातून उठली आणि दिवसभर किरकिर करत होती, तेव्हा ह्यांनी वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून तिला एक रिक्षा करून दिली. तळहातावर मावेल एवढी. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातली स्प्रिंग आत घातली, बाजूला किल्ली. किल्ली देऊन टेबलावर सोडली की ती तुरुतुरु कडेपर्यंत जायची. आता पडणार म्हणून आपण हात पुढे करावा, तर ती कडेवर जरा डोकावून बाजूला वळायची आणि दुसऱ्या कडेकडे निघायची. पोटाखाली एक आडवं चाक होतं. पुढचं चाक टेबलाबाहेर गेलं की रिक्षाचं नाक खाली जायचं, ते आडवं चाक टेबलाला टेकायचं आणि रिक्षाला बाजूला ओढून न्यायचं. शेजारपाजारची माणसं शिफ्ट सुटल्यावर डबा हातात तसाच घेऊन बघायला येत. "आयला, वळली की राव!" असं म्हणत मोठे बाप्ये आमच्या टेबलाभोवती उकिडवे बसत.

त्या रिक्षानं ह्यांचं डोकं फिरवलं. वर्ष झालं नसेल, ह्यांनी कायमच्या नोकरीचा राजीनामा दिला. मी अबोला धरला, जेवण टाकलं, माहेरी जाते म्हणाले. हे शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मला परत कुणाच्या गेटवर हजेरीला उभं राहायचं नाही. माझी वस्तू मी करीन, माझ्या नावानं विकीन. बस." ह्या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते एवढंच. चांगला चहासुद्धा कधी मागून प्यायला नाही. म्हणून मी गप्प बसले. तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता, खेळण्यांवर निभतं की हे परत गेटवर जातात.

भोसरीला एमआयडीसीत कुणाच्या तरी गाळ्याचा कोपरा भाड्यानं घेतला. एक हातप्रेस आणला. रिक्षा, टेम्पो आणि स्कूटर अशी तीन खेळणी. रंग गाडीला मारतात तसलाच, चकचकीत. बंपरला निकेलचा मुलामा. पुण्यातले दुकानदार थोडा थोडा माल घेऊ लागले आणि त्यातल्याच एका दुकानदाराच्या ओळखीनं मुंबईचा एक एजंट आमच्याकडे आला.

हा माणूस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. पांढरीशुभ्र पँट घालून तो आमच्या सतरंजीवर मांडी घालून बसला. पोहे दोनदा मागून घेतले. मला वहिनी म्हणाला, मुलीला जवळ बसवलं, रिक्षा टेबलावर सोडून लहान मुलासारखा हसला. परदेशातले व्यापारी आपल्या ओळखीचे आहेत, त्यांना असला माल हवाच असतो, असं त्यानं सांगितलं. "फक्त फोटो पाठवावे लागतात. पण फोटो असा पाहिजे वहिनी, की बघणाऱ्याला वस्तू हातात घेतल्यासारखी वाटली पाहिजे." परदेशी मागणी आली तर गाळा आपला होईल, दोन माणसं हाताखाली येतील, हे सगळं ह्यांच्या चेहऱ्यावर मला लख्ख दिसत होतं.

पिंपरी कॅम्पातला एक लग्नाचे फोटो काढणारा आम्ही बोलावला. त्यानं आमच्या टेबलावर चादर पसरली, रिक्षा ठेवली आणि फ्लॅश मारला. फोटो आले ते बघून मला रडू यावं की हसू हेच कळेना. प्रत्येक खेळण्यावर चुन्याची पिचकारी मारल्यासारखा पांढरा डाग. रिक्षाची काच गायब. बंपरच्या जागी नुसती आग. मागे भिंतीवर ही भली मोठी काळी सावली, रिक्षापेक्षा तीच ठळक. मी तोंड वाकडं केलं तर म्हणतो कसा, "चमकणारी वस्तू चमकणारच की वहिनी. नवरीच्या नथीलाही असंच होतं, कुणी तक्रार करत नाही."

मी म्हटलं, नथीचं राहू दे, आता मीच काढते.

वडील शिकवताना सांगायचे, चकचकीत वस्तू म्हणजे आरसा. तिच्याकडे बघू नकोस, तिला काय दिसतंय ते बघ. फ्लॅशचा फोटो म्हणजे त्या रिक्षानं फ्लॅशकडे बघितल्याचा फोटो. मग मी ठरवलं, हिला चहूबाजूंनी नुसतं पांढरं दिसलं पाहिजे. ह्यांनी लोखंडी सळयांची चौकट जोडून दिली, छोट्या मच्छरदाणीच्या दांड्यांसारखी. तिच्यावर ताणायला पातळ पांढरं कापड हवं होतं, आणि सासऱ्यांच्या धोतराइतकं धुऊन धुऊन तलम झालेलं कापड बाजारात मिळणार नव्हतं. सासरे कुरुळीला शेतावर असायचे, सासूबाई येऊन जाऊन आमच्याकडे. त्यांच्याकडे धोतर मागितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"म्हाताऱ्याचं धोतर कशापायी फाडतीस गं?"

"फाडत नाही, आत्याबाई. ताणते फक्त."

"त्या खेळन्याला धोतर नेसवनार व्हय? आता हेच बघायचं ऱ्हायलं हुतं."

दिलं पण. धोतराच्या बाहेरून दोन्ही बाजूंना मोठे बल्ब लावले, त्यांच्यामागे ॲल्युमिनियमची परात. तरीही बल्ब जिथे असेल तिथे कापडावर पिवळा गोळा दिसायचा आणि तोच गोळा रिक्षाच्या टपावर उतरायचा. मग ह्यांनी ड्रॉइंग ऑफिसातल्या जुन्या मित्राकडून ट्रेसिंग पेपरचे तुकडे आणले. बल्ब आणि धोतर यांच्यामध्ये तो कागद टांगला तेव्हा उजेड पसरला. खाली पांढरा पुठ्ठा, तो मागे नुसता वाकवून वर घेतला, म्हणजे जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळायला नको. सावली जवळजवळ गेली. माझा जीव थोडा थाऱ्यावर आला.

पण मग बंपरही गेला. सगळीकडे पांढरंच म्हटल्यावर निकेलचा बंपर त्यात विरघळून गेला, त्याला कडच राहिली नाही. त्यावर मी एक दिवस डोकं खाजवलं. फोटो छापायच्या ब्रोमाइड कागदाच्या पाकिटात काळा कागद येतो, त्याच्या बारीक पट्ट्या कापून फोटोत येणार नाहीत अशा दोन बाजूंना उभ्या केल्या. बंपरच्या वरखाली काजळाच्या रेघेसारखी कड उमटली. ती बघून मी एकटीच खुर्चीत बसून हसले. आज सांगताना त्या हसण्याचासुद्धा मला राग येतो.

शेवटची अडचण मी स्वतः. धोतराला भोक पाडून त्यातून भिंग आत घातलं होतं, तरी फटीतून माझं लाल लुगडं टेम्पोच्या दारावर दिसायचं, आणि फिल्मवर लाल म्हणजे काळंच. मी पांढरं पातळ नेसते म्हटल्यावर सासूबाई उभ्याच राहिल्या. "सवाष्णीनं पांढरं नेसायचं न्हाई! माझा ल्योक जित्ता हाय अजून!" शेवटी मी लुगड्यावरून ह्यांचा पांढरा सदरा चढवला. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगात नवऱ्याचा सदरा. सासूबाईंनी दार लावून घेतलं, कुणी बघू नये म्हणून.

फिल्मला बराच वेळ उजेड द्यावा लागायचा, आणि रस्त्यानं ट्रक गेला की टेबल हलायचं. शिफ्ट बदलायच्या वेळी तर बसेस, स्कूटर, सायकली यांनी सगळी आळी थरथरायची. म्हणून दुपारी, पहिली शिफ्ट सुटायच्या आत, रस्ता जरा निवांत असताना मी फोटो काढायचे. ट्रकचा आवाज दूर गेला की श्वास धरून बटण दाबायचं. मध्येच व्होल्टेज पडलं की बल्ब मिणमिणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. बल्बच्या उष्णतेनं धोतराला एका जागी तांबूस डाग पडला, जळका वास घरभर झाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. ते जास्त लागलं.

आता खरी गोष्ट सांगते. रिक्षाचा एक फोटो, टेम्पोचा एक आणि स्कूटरचा एक, एवढे पुरे होते. दुकानदारानं, मुंबईच्या व्यापाऱ्यानं, जगातल्या कुणीही खेळण्याचं तोंड दाखवलं असतं आणि तो गप्प बसला असता. पण आमचे हे टूलरूमचे. त्यांना समोरून एक, बाजूनं एक आणि वरून एक असे तीन फोटो हवे होते, ड्रॉइंगमध्ये असतात तसे. शिवाय खालचा पत्रा काढून पोटाचा एक. आणि प्रत्येक फोटोत शेजारी स्टीलची मोजपट्टी ठेवलेली, आकडे स्पष्ट दिसतील अशी.

मी म्हटलं, "अहो, खेळण्याचं पोट कोण बघतं?"

"इन्स्पेक्शनवाला पहिल्यांदा पोटच बघतो," हे म्हणाले. "तिकडची माणसं चोख असतात. आपण काही लपवलं नाही हे त्यांना दिसलं पाहिजे."

रविवारी ह्यांचे टूलरूममधले दोन मित्र आले. त्यांनाही हे शंभर टक्के पटलं. एक जण तर म्हणाला, "स्केल ठेवाच राव. मापाशिवाय फोटो म्हणजे नुसता देखावा." तिघं मिळून पट्टी कशी ठेवायची यावर तासभर बोलत होते. आमच्या भागातल्या माणसांची ही जातच तशी. वस्तू खरी आहे हे सिद्ध करायचं असेल तर तिची मापं द्यायची, एवढंच त्यांना कंपनीनं शिकवलं होतं. मापं ज्याच्या हातात गेली त्याच्याच हातात वस्तू जाते, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी सगळे फोटो काढले. फिल्म मोरीत घोंगडी लावून धुतली आणि मोठे प्रिंट काढायला त्याच लग्नवाल्याच्या स्टुडिओत गेले. तो प्रिंट हातात धरून बराच वेळ बघत राहिला. "वहिनी, उजेड कुठून आला तेच कळत नाही," म्हणाला. पत्र्याची प्रत्येक घडी, जोडाची प्रत्येक दुमड, दातेरी चाकाचा एक एक दाता मोजून घ्यावा असा दिसत होता. वडिलांना एक प्रिंट पाठवला. त्यांनी कधी नाही ते पत्रात शाबास लिहिलं. मला अभिमान वाटला आणि का वाटू नये?

एजंट आला आणि प्रिंट घेऊन गेला. ह्या वेळी पोहे खायला थांबला नाही. पोटाचा फोटो मात्र त्यानं खिडकीशी नेऊन बघितला होता. त्यानंतर मागणी काही आली नाही. आधी पत्राला उत्तर यायचं, मग तेही थांबलं. हे रोज पोस्टमनच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून दारात उभे राहत. मी बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे.

मग एक दिवस मी पिंपरीच्या बाजारात भाजीला गेले होते. एका खेळण्यांच्या हातगाडीवर रांगेत रिक्षा मांडलेल्या. मला वाटलं, ह्यांनी परस्पर इथे माल दिला की काय. जवळ जाऊन हातात घेतली. रंग निराळा, डबीवर एका मोठ्या कारखान्याचं नाव छापलेलं. बाकी सगळी आमची. ह्यांनी पहिल्या साच्यात एक भोक चुकून भलत्या जागी पाडलं होतं आणि ते तसंच राहून गेलं होतं. ते चुकीचं भोकसुद्धा तिथेच होतं. भाजी न घेता मी ती रिक्षा विकत घेऊन घरी आले.

ह्यांनी ती उलटीपालटी केली, व्हर्नियर काढला आणि माप घ्यायला बसले. मग म्हणाले, "मापं बरोबर आहेत." आणि ते म्हणताना आवाजात चक्क कौतुक होतं! त्या क्षणी माझ्या हातात लाटणं होतं, ते मी कसं आवरलं माझं मला माहीत.

मग त्यांनी किल्ली दिली आणि रिक्षा टेबलावर सोडली. ती कडेपर्यंत गेली आणि सरळ खाली पडली. परत सोडली, परत पडली. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. हे गुडघ्यावर बसून रिक्षाच्या पोटाखाली बघत म्हणाले, "आडवं चाक वर बसलंय. केसभर वर. टेकतच नाही."

"असं कसं? बाकी सगळं तर जिथल्या तिथे आहे."

"त्यांनी फोटोवरूनच केलीय. लांबी-रुंदी पट्टीवरून मिळाली. खोली कशावरून मिळणार?"

मी आमचा पोटाचा फोटो काढून बघितला आणि माझ्या लक्षात आलं. फोटोत कुठली वस्तू वर आहे आणि कुठली खाली हे सावलीवरून कळतं. मी तर सावलीच ठेवली नव्हती. आडवं चाक, पट्टी, दाते, सगळं एकाच पातळीवर असल्यासारखं दिसत होतं. बाजूच्या फोटोत ते चाक पत्र्याआड जात होतं. माझ्या उजेडानं त्या लोकांना सगळं दिलं होतं, ते केसभर अंतर तेवढं दिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी शिरा केला.

हे मुंबईला जाऊन एजंटला भेटून आले. त्यानं चहा पाजला. "खेळणी काय हो, सगळीकडे सारखीच असतात," म्हणाला. कायद्याचं आम्हाला काही कळत नव्हतं, आणि ज्यांना कळत होतं त्यांच्या पायऱ्या चढायची आमची ऐपत नव्हती.

त्यांची रिक्षा आमच्यापेक्षा स्वस्त होती. दुकानदारांनी आमचा माल घेणं बंद केलं. गाळा सोडावा लागला, हातप्रेस घरामागच्या पडवीत आला आणि त्यावर सासूबाई वाळवणाची ताटं ठेवू लागल्या. पण मी आशा सोडली नव्हती. पुण्यातल्या एका दुकानदारानं निरोप पाठवला होता की त्या रिक्षा पडून पडून मोडतात, गिऱ्हाईक परत आणून देतं, तुमच्या थोड्या करून ठेवा. मी ह्यांना म्हटलं, दम धरा. लोक कंटाळतील, आपल्याकडे येतील. तोवर मी शिवण शिवीन.

हे दम धरायला तयार होते, पण घर तयार नव्हतं. मुलीची शाळा, सासऱ्यांचं आजारपण. हे नोकरी शोधू लागले. राजीनामा दिलेल्या माणसाला जुनी कंपनी परत घेईना. दुसऱ्या कंपन्यांत वय आडवं आलं. आणि नेमकं त्याच वेळी त्या खेळण्यांच्या कारखान्यानं नाशिक रस्त्याला, आमच्या कुरुळीच्या अलीकडे, नवी शेड टाकली. टूलरूमला माणूस हवा होता.

"तिथे?" मी विचारलं.

"दुसरीकडे कुठे घेतायत?"

पहिल्या दिवशी हे गेटवर रांगेत उभे राहिले. टेंपररी म्हणून घेतलं. त्यांना हे कोण आहेत याचा पत्ताही नव्हता. आमचं नाव एजंटनं पुढे कशाला सांगितलं असेल? मी ह्यांना एकच गोष्ट मागितली. "पोटासाठी जाताय, जा. माझं काही म्हणणं नाही. पण त्या चाकाचं त्यांना सांगायचं नाही. सगळं गेलं, ते तेवढं आपलं राहिलंय. त्यांच्या रिक्षा पडू देत." हे म्हणाले, "नाही सांगत." मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणार होते, पण मलाच ते बरं दिसेना.

मग काही दिवस हे येत, जेवत, झोपत. कामाचं काही बोलत नसत. मीही विचारत नसे. आणि एका संध्याकाळी हे बसमधून उतरून आले ते शीळ घालत. हात धुताना शीळ, टॉवेल घेताना शीळ. गाळा सुटल्यापासून मी ह्यांची शीळ ऐकली नव्हती. ही शीळ कधी येते ते मला ठाऊक होतं. एखादं अडलेलं काम जमलं की यायची.

मी ताट वाढलं आणि समोर बसले. "काय केलंत?"

"काही नाही."

"खरं सांगा."

हे भाकरी मोडत म्हणाले, "माल परत आला होता. माझ्याच बाकावर आणून ठेवला."

"मग?"

"मग काय? हातात आलेली वस्तू डोळ्यांदेखत पडतेय आणि मी बघत बसू? ते मला जमत नाही. डायमध्ये केसभर घासलं. आता वळते."

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"मी कुणाला सांगितलं नाही. नुसतं केलं."

चोरांवर मी चिडले होते, एजंटला मी रोज शिव्या देत होते, पण इतका संताप मला कुणाचाच आला नव्हता जेवढा त्या भाकरी मोडणाऱ्या हातांचा आला. आणि त्याच वेळी त्या हातांची कीवही आली. त्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. बाजारातल्या सगळ्या रिक्षा आता वळणार होत्या. पुण्याचा दुकानदार आता निरोप पाठवणार नव्हता. हे आता रोज सकाळी त्या गेटवर उभे राहणार होते, आणि ते गेट त्यांनी स्वतःच्या हातांनी पक्कं केलं होतं.

मी इतकंच विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"खूश झाले. म्हणाले, आता टेम्पोचंही जरा बघा."

"अजून काय म्हणाले?"

आमटी संपली होती तरी ह्यांनी वाटी तिरकी करून बघितली.

"विचारत होते, खेळण्यांचं काम पूर्वी कधी केलंय का म्हणून."

"मग?"

"नाही म्हणालो," हे म्हणाले, आणि अजून थोडी आमटी मागितली.